चाकणच्या वाटेवरील एक मुक्काम

पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता ज्यांनीं तीसपस्तीस वर्षांपूर्वीं पाहिला असेल त्यांस तो आज ओळखूं यावयाचा नाहीं. नाशिक फांटा सोडून भोसरी, मोशी असें करीत इंद्रायणीचा पूल ओलांडला कीं दोहों बाजूंस शेतें लागत आणि चाकणच्या बाजारांत शिरण्यापूर्वींच कांद्याचा वास येई. कांदा चाकणला अजूनहि येतो आणि त्याचा भावहि लोकांच्या तोंडीं असतो. परंतु आतां प्रवाशाच्या डोळ्यांत प्रथम भरतात त्या मोटारींच्या कारखान्यांच्या लांबच लांब भिंती, त्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडा, आणि नव्या कोऱ्या मोटारी पोटांत घालून चालणारे अजस्र ट्रक. अशा एखाद्या ट्रकच्या मागें पाऊण तास उभें राहण्याचा योग ज्यास आला नाहीं त्यानें आपण चाकण पाहिलें असें म्हणूं नये.

ह्या मुलखास परक्यांची ये-जा मात्र नवी नाहीं. चिंचवडास मोरया गोसाव्यांच्या समाधीला, देहूस तुकोबारायांच्या गांवीं, आळंदीस ज्ञानेश्वर महाराजांच्या समाधीला येणारे यात्रेकरू शतकानुशतकें ह्याच वाटा तुडवीत आले, आणि आषाढी वारीस निघालेल्या तुकोबांच्या पालखीचा आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरांत मुक्काम होत असतो. त्यानंतरचे पाहुणे वेगळे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना निघाला. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि माळरानावर चौकोन आंखले गेले. १९७० सालीं नगरपालिका, १९८२ सालीं महानगरपालिका, अशा पायऱ्या ह्या खेड्यांनीं एका पिढींत चढल्या. चाकणची पाळी मागाहून आली. १९९९ सालीं बजाजचा कारखाना तेथें निघाला, २००९ सालीं फोक्सवॅगनचा, आणि त्याच वर्षीं मर्सिडीझनेंहि आपलें बिऱ्हाड पिंपरीहून चाकणला हलविलें.

पालखीबरोबरचा वारकरी एखाद्या ओसरीवर पथारी टाकतो आणि पहाटे उठून चालूं लागतो. कारखान्याच्या कामासाठीं आलेला पाहुणा सहा सहा आठवडे राहतो. कोणी जर्मनीहून यंत्र जुळवावयास आलेला असतो, कोणी कोरियाहून माल पारखावयास, कोणी कोल्हापुराहून आपले सांचे पास करून घ्यावयास. ह्या सर्वांसाठीं रस्त्याच्या कडेनें हॉटेलें उभीं राहिलीं आहेत. दिवसभर यंत्रांच्या आवाजांत काढून हा मनुष्य संध्याकाळीं परत येतो तों चार पांढऱ्या भिंती, एक पलंग आणि समोर टांगलेला भला मोठा टीव्ही त्याची वाट पाहत असतात. अतिथि म्हणजे ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो, अशी व्युत्पत्ति मीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितली. हॉटेलांतील अतिथीची तिथि तर ठरलेली असतेच, पण दुपारीं बारा वाजतां खोली सोडावयाची हा मुहूर्तहि ठरलेला असतो!

गेल्या उन्हाळ्यांत अशाच एका हॉटेलांत आम्हां उभयतांना चार रात्री राहण्याचा प्रसंग आला. माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यांत अभियंता आहे. त्यानें मोशीस नवें घर घेतलें आणि वास्तुशांतीस आम्हांला वाईहून बोलाविलें. घर दोन खोल्यांचें, मंडळी वीस; तेव्हां वडीलधाऱ्यांची अडचण होऊं नये म्हणून त्यानें आमची सोय हॉटेलांत केली. मला त्यांत कांहीं गैर वाटलें नाहीं. अडचण निराळीच होती. वास्तुशांतीच्या दुसऱ्याच दिवशीं आमच्या नातीचें गाणें होतें, आणि तें हाम्बुर्गला होतें.

आमची मुलगी दहा वर्षांपासून जर्मनींत आहे. नात तेथील शाळेच्या समारंभांत प्रथमच एकटी गाणार होती, आणि तेंहि आजीनें फोनवरून शिकविलेलें एक मराठी पद. शाळा तो समारंभ यूट्यूबवरून घरोघरीं दाखविणार होती. तेथें उन्हाळ्यांत घड्याळ आपल्यामागें साडेतीन तास असतें. म्हणजे तेथले पांच आमचे साडेआठ. हें सर्व जमण्यासारखें होतें. परंतु आमच्या सौभाग्यवतींच्या डोळ्यांना मध्यभागचें नीट दिसत नाहीं. समोरच्या माणसाचा चेहरा त्यांना कडेनें पाहून ओळखावा लागतो. तळहाताएवढ्या मोबाइलवरील मूल त्यांच्या दृष्टीनें एक रंगीत ठिपका. घरीं टीव्हीच्या मोठ्या पडद्याजवळ खुर्ची ओढून बसलें म्हणजे त्यांना बरेंचसें उमगतें. तेव्हां हॉटेलांतील भिंतीवरचा पडदा हा आमच्यापुरता केवळ करमणुकीचा विषय राहिला नव्हता.

पडद्यावर वाहिन्या शंभराहून अधिक होत्या, पण त्या हॉटेलवाल्यानें निवडलेल्या. हाम्बुर्गची शाळा त्यांत कोठून असणार? भाच्यास हें सांगतांच तो म्हणाला, “मामा, काळजी करूं नका. माझी स्टिक घेऊन जा.” आणि त्यानें बोटभर लांबीची एक काळी चपटी वस्तु माझ्या हातीं दिली.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं ही वस्तु असेल. तथापि जे माझ्यासारखे मागाहून शिकणारे आहेत त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. टीव्हीच्या पाठीस किंवा कडेस एचडीएमआय नांवाचें चपटें भोंक असतें. त्यांत ही कांडी खोंचली आणि तिला वीज व वायफाय मिळालें म्हणजे ती इंटरनेटवरून चित्र व आवाज खेंचून टीव्हीच्या स्वाधीन करिते. टीव्ही मग केवळ आरसा. काय दाखवावयाचें हें कांडी ठरविते. गूगल कंपनीनें अशा जातीचें क्रोमकास्ट नांवाचें यंत्र २०१३ सालीं काढलें. त्याला स्वतःचा रिमोट नसे. मोबाइलवरून आज्ञा द्यावी लागे. अमेझॉनची फायर टीव्ही स्टिक २०१४ सालीं अमेरिकेंत आणि २०१७ सालीं आपल्याकडे आली. तिला रिमोट असतो. क्रोमकास्टचें उत्पादन गूगलनें २०२४ सालीं थांबविलें, तरी लोकांच्या घरीं तीं यंत्रें अजून पुष्कळ आहेत. आपल्या सर्व सभासदत्वांच्या किल्ल्या, पाहून अर्धे राहिलेले खेळ, मुलांचीं गाणीं, हें सगळें त्या कांडीस ठाऊक असतें. म्हणून प्रवासी ती पिशवींत घालून नेतात. माझे आजोबा परगांवीं जातांना फिरकीचा तांब्या बरोबर घेत, परक्याच्या भांड्यांतून पाणी पीत नसत. ह्या कांडीकडे पाहून मला त्या तांब्याची आठवण झाली. विहीर गांवाची, पाणी गांवाचें. भांडें तेवढें आपलें.

विहिरीवर पोहोंचणें मात्र सोपें नव्हतें. टीव्ही भिंतीस इतका चिकटून बसविलेला कीं त्याच्या पाठीमागें बोटहि शिरेना. चाकणचा भुईकोट किल्ला तेथून फार दूर नाहीं. १६६० सालीं शायिस्तेखानाच्या प्रचंड फौजेला फिरंगोजी नरसाळ्यानें त्या किल्ल्यापुढें जवळजवळ दोन महिने तिष्ठत ठेविलें, आणि शेवटीं खानाला बुरुजाखालीं सुरुंग लावावा लागला. मलाहि कांहीं काळ सुरुंगाशिवाय उपाय दिसेना. तेवढ्यांत भाच्यानें पिशवींत घातलेली एक वीतभर लवचिक तार आठवली. तिचें एक टोंक चाचपून त्या भोंकांत बसविलें आणि दुसऱ्या टोंकास कांडी लोंबत ठेविली. अशी तार ह्या कांड्यांच्या डबींत बहुधा मिळते. लोक ती निरुपयोगी समजून टाकून देतात.

इतकें करूनहि पडद्यावर हॉटेलचें स्वागतचित्रच हंसत राहिलें. हॉटेलांसाठीं बनविलेल्या टीव्हींत एक गुप्त व्यवस्था असते. आवाज कोठवर चढवावा, सुरू होतांच कोणती वाहिनी लागावी, बाहेरचें यंत्र जोडूं द्यावें कीं नाहीं, हें सर्व मालकास आंतून कुलुपबंद करतां येतें. आणि पाहुण्याच्या रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ हें बटणच ठेवीत नाहींत. मालकाची बाजूहि मी नाकारीत नाहीं. दर दोन दिवसांनीं नवा पाहुणा तारा उपटूं लागला तर टीव्ही किती दिवस टिकावा? परंतु दार बंद करावयाचें तर ठोठावणाऱ्यास उत्तर देणारा कोणी असावा. आमच्या नशिबानें तो होता. खालीं टेबलापाशीं बसणारा विशीबाविशीचा मुलगा वर आला, आपल्याजवळचा दुसरा रिमोट रोखून त्यानें कुलूप काढलें आणि म्हणाला, “आजोबा, इथं सगळेच जोडतात. ते वरच्या मजल्यावरचे कोरियन साहेब तर आल्या आल्या पहिल्यांदा हेच मागतात.”

पुढची पायरी विजेची. टीव्हीच्या अंगचें जें यूएसबीचें भोंक असतें त्यांतून पुष्कळदां अर्धा अँपिअरच प्रवाह मिळतो, आणि कांडीला लागतो एक. अर्धपोटीं मजुराप्रमाणें ती मग काम करितां करितां मध्येंच बसकण मारते, पुन्हा उठते, पुन्हा बसते. तिचा स्वतःचा चार्जर भिंतींत लावणें हाच उपाय. हॉटेलांत मोकळें सॉकेट नेमकें पलंगाच्या उशाशीं असतें, म्हणून लांब वायर जवळ असावी.

खरी मेख वायफायची. घरीं परवलीचा शब्द दिला कीं काम होतें. हॉटेलांत आधीं एक पान उघडतें. त्यावर खोलीचा क्रमांक, आडनांव, मोबाइलचा क्रमांक घालावयाचा, मोबाइलवर येणारे आंकडे भरावयाचे, मग दार उघडतें. सार्वजनिक वायफाय कोण वापरतो ह्याची नोंद असावी असा आपल्याकडे सरकारी दंडक आहे, आणि तो योग्यच आहे. पण परदेशांतून नुकत्याच आलेल्या माणसाजवळ हिंदुस्थानचा मोबाइल क्रमांक नसला म्हणजे त्याची फजिती होते. कांडीचें दुःख आणखी निराळें. फायर टीव्ही स्टिकला असें पान उघडून भरतां येतें. क्रोमकास्टला तें पानच दिसत नाहीं. तो दाराशीं मुका उभा राहतो. शिवाय चांगल्या हॉटेलांत एका पाहुण्याचें यंत्र दुसऱ्या यंत्रास दिसूं नये अशी तजवीज केलेली असते. प्रथम ऐकतांना हें जाचक वाटतें. परंतु ती नसती तर शेजारच्या खोलींतील गृहस्थानें आपल्या मोबाइलवरून पाठविलेलें चित्र आमच्या पडद्यावर येऊन थडकलें असतें. मात्र ह्या तजविजीमुळें आपलाच मोबाइल आपल्याच क्रोमकास्टला ओळखत नाहीं. नेहमी फिरणारे लोक ह्यासाठीं काड्यांच्या पेटीएवढा प्रवासी राउटर बाळगतात. तो हॉटेलच्या पानावर एकदां नांव नोंदवितो आणि खोलीपुरतें आपलें स्वतंत्र वायफाय उभें करितो. मग त्याच्या छत्राखालीं मोबाइल, कांडी, लॅपटॉप सगळे एकमेकांस ओळखूं लागतात. कांहीं मोठ्या हॉटेलांनीं अलीकडे टीव्हींतच अशी सोय केली आहे कीं पाहुण्यानें पडद्यावरची चौकोनी खूण मोबाइलनें टिपावी आणि आपलें चित्र थेट वर पाठवावें, कांडीची गरजच राहूं नये. चाकणच्या वाटेवरील आमच्या हॉटेलापर्यंत ती सुधारणा पोहोंचली नव्हती.

आमच्या कांडीनें पान भरलें, जोडणीहि झाली. पण संध्याकाळीं आठ वाजतां, सर्व खोल्यांतील पाहुणे परतल्यावर, चित्र दर अर्ध्या मिनिटानें थिजूं लागलें. पाणी एक इंची नळांतून यावयाचें आणि चाळीस घागरी लावलेल्या, अशांतला प्रकार. भाच्यास फोन केला. तो कामावर होता. मागें यंत्रांची घरघर ऐकूं येत होती. “मामा, वायफाय सोडा. तुमच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करा आणि स्टिकला त्यावर घ्या. पण चित्र साधंच ठेवा हं, नाहीं तर डेटा संपेल.” हा हिशेब प्रत्येक प्रवाशानें लक्षांत ठेवण्याजोगा आहे. नेटफ्लिक्स कंपनीच्या प्रसिद्ध अंदाजाप्रमाणें साध्या चित्रास तासाला सुमारें १ जीबी, उच्च प्रतीच्या चित्रास ३ जीबीपर्यंत, आणि अतिउच्च प्रतीस ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. माझ्या मोबाइलला रोजचा शिधा दीड जीबीचा. तास-दीड तासाच्या समारंभास तो कसाबसा पुरला असता.

साडेआठला पांच मिनिटें असतांना पडद्यावर हाम्बुर्गच्या शाळेचें सभागृह दिसूं लागलें. चित्र थोडें भुरकट होतें, पण थिजत नव्हतें. सौभाग्यवतींनीं खुर्ची टीव्हीपासून हातभर अंतरावर ओढली आणि नेहमीप्रमाणें मान किंचित् तिरपी केली. आधीं जर्मन मुलांचें वाद्यवादन झालें, एका मुलीनें नाच केला, आणि मग परकर-पोलक्यांतली आमची नात पुढें आली. दुसऱ्या ओळीस तिचा सूर जरा चढला. “घाबरली आहे. श्वास घ्यायला हवा होता तिथं,” असें ह्या पुटपुटल्या आणि त्यांनीं आपल्या मांडीवर ताल धरला, जणूं काय त्या तालावर तिकडे कोणी गाणार होतें. पुढच्या कडव्यास सूर जागेवर आला. टाळ्या झाल्या तेव्हां नातीनें सभागृहास न करतां वर, कॅमेऱ्याकडे पाहून नमस्कार केला. तो ह्यांना दिसला कीं नाहीं हें मी विचारलें नाहीं; पण त्यांनीं पडद्यापुढें हात केला, लहान मुलाच्या डोक्यावर ठेवतात तसा.

दाराशीं तो टेबलावरचा मुलगा उभा होता. कांडी नीट चालते कीं नाहीं हें पाहावयास आला होता आणि गाणें ऐकून तेथेंच थबकला होता. त्याचें गांव परभणीकडे. त्याची आई त्याला दिवाळीनंतर भेटलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं न्याहारीच्या टेबलावर तो वरच्या मजल्यावरील कोरियन अभियंता समोर आला. पोहे त्याला आवडत असावेत. मोडक्या इंग्रजींत आमचें थोडें बोलणें झालें. त्याचें इंग्रजी मोडकें आणि माझें मॅट्रिकचें, त्यामुळें कोणासच संकोच वाटला नाहीं. तो म्हणाला कीं रात्रीं जेवतांना आपल्या देशांतील बातम्या लावून ठेवतों. पाहतोंच असें नाहीं, पण खोलींत आपली भाषा बोलली जाते. मात्र कोरियांत दिसणारे सर्व कार्यक्रम येथें दिसत नाहींत अशी त्याची तक्रार होती. ह्याचें कारण कांडींत नसून हक्कांत आहे. चित्रपटांचे व मालिकांचे हक्क देशागणिक निरनिराळे विकलेले असतात, आणि कांडी कोणत्या देशांतील वायफायवर बसली आहे हें कंपनीस लगेच कळतें. सभासदत्व तेंच, पैसे तेच, पण सरहद्द ओलांडली कीं पुस्तकांच्या कपाटांतील कांहीं कप्पे आपोआप बंद होतात.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें आणि पुढच्याच वर्षीं सिंहगडावरून तें पुण्यास दिसूं लागलें. आमच्या आळींत पुष्कळ वर्षें एकच संच होता. १९८७ सालीं रविवारीं सकाळीं रामायण लागे तेव्हां त्या घरच्या माजघरांत चपलांचा ढीग पडे आणि यजमानीण बाई चहाचें आधण दोनदां ठेवीत. आज हॉटेलच्या चाळीस खोल्यांत चाळीस पडदे, आणि प्रत्येकावर निराळें कांहीं. ह्याविषयीं हळहळणारे लेख मीं पुष्कळ वाचले आहेत. त्यांतील हळहळ मला सर्वस्वीं पटत नाहीं. त्या माजघरांत कोरियन माणसास काय मिळालें असतें? आणि आमच्या नातीचें गाणें? परंतु हेंहि खरें, कीं चाळीस खोल्यांच्या त्या हॉटेलांत पाहुण्यांनीं एकत्र बसावें अशी एकहि जागा नव्हती. तळमजल्यावरील दिवाणखान्यांत दोन कोच होते आणि दोन्ही कोचांवर मोबाइल चार्ज होत असत.

निघण्याच्या दिवशीं भाच्यानें दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, कांडी काढावयास विसरूं नये. तींत त्याच्या सर्व सभासदत्वांच्या किल्ल्या होत्या आणि एकींतून तर पैसेहि कापले जात. दुसरी अधिक महत्त्वाची. कांडी न लावतां हॉटेलच्याच स्मार्ट टीव्हीवर कोणी आपलें नांव व परवलीचा शब्द घालून कांहीं पाहिलें, तर निघतांना तेथून आठवणीनें बाहेर पडलें पाहिजे. कांहीं हॉटेलांत खोली सोडतांच तें आपोआप पुसलें जातें, पुष्कळ ठिकाणीं पुसलें जात नाहीं. आणि मग पुढच्या पाहुण्याला आपण काय पाहतों, मुलांचीं नांवें काय, सगळें उघडें होतें. तसें झालें असेल तर घरीं आल्यावर मोबाइलवरून त्या खात्याच्या रकान्यांत जाऊन ‘सर्व यंत्रांवरून बाहेर पडा’ ही आज्ञा देतां येते. कांडी हरवली तरी हाच उपाय, आणि तो लगेच करावा.

हिशेब चुकता करण्यास मीं खालीं गेलों तेव्हां त्या मुलानें सहज टेबलाचा खण उघडून दाखविला. आंत सात-आठ काळ्या कांड्या, तीन रिमोट, वायरींचा एक गुंता, आणि एका कांडीस चिकटविलेली कागदाची चिठ्ठी. तीवर खोलीचा क्रमांक आणि मार्च महिन्याची तारीख. “फोन करून कळवतो आम्ही,” तो म्हणाला, “पण कोल्हापूरचे लोक पुढच्या फेरीला घेऊन जातात. जर्मनीचे कुठले येतायत परत!” मग त्यानें माझ्या पिशवीकडे पाहिलें आणि विचारलें, “आजोबा, तुमची घेतलीत ना?” मीं ती काढून दाखविली. बाहेर रिक्षा उभी होती, आणि रस्त्यावर मोटारींनीं भरलेला एक ट्रक वळण घेत असल्यामुळें दोन्हीकडची वाहतूक थांबलेली होती.